काच शाबूत

प्रिय मुंगे,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू घाबरशील, कारण मी पत्रं लिहिते ती कुणावर तरी चिडल्यावरच. कुणावर ते शोधायला तू अख्खं पत्र दारातच उभी राहून वाचून काढशील. तशी वाचू नकोस. बस, पाणी पी. तुझ्यावर चिडलेले नाही. फोन का केला नाही तेही सांगेन, पण सावकाश. फोनवर तू दर दोन वाक्यांनी "हो आई" म्हणतेस आणि मागे तुझ्या ऑफिसात कुणीतरी सतत खोकत असतं. तेवढ्यात हे मावणार नाही. शाळेत सिस्टर आम्हाला दोन गोष्टी घोटून शिकवायच्या, खोटं बोलायचं नाही आणि वाक्य अर्धं सोडायचं नाही. दुसरी तर मी आजवर पाळली आहे.

तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, पण माझ्यापेक्षा कमी. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करून घेतला. आता तो फक्त पाहुणे आल्यावर गळतो. मी अलीकडे हॉस्पिटलात पुन्हा जायला लागले आहे. निवृत्त माणसाने जुन्या कामाच्या जागी जाऊ नये, लोक आधी खुर्ची देतात आणि मग घड्याळाकडे बघतात. माझ्या एक्स-रेच्या खोलीत आता कॉम्प्युटर आला आहे. फिल्म धुवायची काळी खोली मात्र आहे तिथेच आहे, झाडू, बादल्या आणि एक चाक नसलेली व्हीलचेअर सांभाळत. तुला आठवतं, शाळा सुटल्यावर तू त्या खोलीत लाल दिव्याखाली स्टुलावर बसायचीस आणि ट्रेमधल्या फिल्मवर चित्र उमटायला लागलं की ओरडायचीस, "आई, हाडं उगवली!" दादा आत यायचा नाही. दाराबाहेर पाठ लावून उभा राहायचा. त्याला अंधाराची भीती वाटायची आणि भीती वाटते हे सांगायची लाज, म्हणून मोठ्या ऐटीत म्हणायचा, मी पहारा देतो. तू आतून त्याला चिडवायचीस. मी तुला गप्प करायची, पण मलाही हसू यायचं.

त्याच खोलीत गेल्या आठवड्यात मी जे पाहिलं त्यासाठी हे पत्र आहे. पण आधी मावशींबद्दल सांगायला हवं.

मावशी म्हणजे हॉस्पिटलातल्या झाडूपोछावाल्या. तू त्यांना पाहिलं नाहीस, तू गेल्यानंतर त्या लागल्या. अंगाने काडी, आवाज त्याहून बारीक, आणि स्वच्छतेचं वेड असं की मोठे डॉक्टर खोलीत शिरताना आपली चप्पल उचलून तळवे बघतात. गच्चीवर सोलर बसलं, दादाच्या कंपनीने बसवलं हे तुला ठाऊक आहेच, तेव्हा ते पुसायचं कामही त्यांच्याकडे आलं. पुसायचं कसं, कशाने, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. कमिटीच्या अध्यक्षांनी एवढंच सांगितलं की चकाचक दिसलं पाहिजे. हे अध्यक्ष लाकडाचे व्यापारी आहेत आणि डोक्यातही तोच माल भरला आहे. मावशींनी चकाचक केलं. पक्ष्यांची घाण वाळून बसली की त्या तारेच्या घासणीने खरवडून काढायच्या, जशी करपलेली भांडी काढतो तशी. काचेवर बारीक ओरखडे उठले. उन्हात तिरकं बघितलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात.

पहिली दोन वर्षं सोलर छान चाललं. मग वीज कमी यायला लागली. बॅटऱ्या अर्ध्याच भरायच्या. तुझ्या दादाची माणसं येऊन बघून गेली, म्हणाली काच शाबूत आहे, वायरिंग ठीक आहे, हवामानाचा दोष. लाइनची वीज असायची तोवर कुणाला फिकीर नव्हती. पावसाळ्यात एकदा सलग ढग राहिले, वाऱ्याने झाड पडून लाइन तुटली आणि सगळं हॉस्पिटल त्या अर्ध्या बॅटऱ्यांवर आलं. भर दुपारी नवजात बाळांच्या खोलीतली ऊब देणारी पेटी बंद पडली. आत एकच बाळ होतं. वेळेआधी आलेलं, माझ्या तळहाताएवढं. मोठ्या डॉक्टरांनी जे करता येईल ते केलं, गाडी काढली, शेजारच्या मोठ्या हॉस्पिटलला कळवलं. बाळाला दुपट्यात गुंडाळून छातीशी धरून गाडीपर्यंत नेलं ते मावशींनी, कारण नर्सचे हात सलाइन धरण्यात गुंतले होते. बाळ पोचलं नाही. ती पोरगी, बाळाची आई, अजून टाके न काढलेली, वॉर्डात बसून विचारत होती, पेटी चालू झाली का.

नंतर कुणावर तरी ढकलायचं होतं. दादाने कमिटीला गच्चीवर नेलं, काचेवर बोट फिरवलं आणि ओरखडे दाखवले. सगळ्यांनी वाकून बघितलं, सगळ्यांना दिसले. दिसतं ते लोकांना पटतं. मावशींना कामावरून काढलं आणि वर हेही ऐकवलं की तुमच्या घासणीने काय केलं बघा. मी त्यांच्या घरी गेले तर त्या मांडीत पालथे हात ठेवून बसल्या होत्या. घरची भांडीसुद्धा आता त्या नुसत्या हाताने धुतात, घासणी बाहेर फेकून दिली. मला म्हणाल्या, "हाडंवाल्या बाई, त्याला मीच थंड केलं आणि मीच उचलून नेलं." मी रागावले. रागावल्याशिवाय मला दुसरं काही सुचत नाही, तुला माहीत आहे. म्हटलं, मावशी, चार ओरखड्यांनी माणूस मरत नाही. त्या म्हणाल्या, माणूस कुठे होतं बाई ते, बाळ होतं.

मग मी पदर खोचला. कमिटीसमोर उभी राहिले आणि म्हटलं, तुम्ही ओरखडे बघितलेत, मी आयुष्यभर कातडीखालचं बघितलं आहे. कातडी सोललेला पाय घेऊन माणूस चालत येतो आणि कातडीवर खरचटलंसुद्धा नाही तो माणूस स्ट्रेचरवरून येतो. आतलं तपासून घ्या. माझा संशय कारखान्यावर होता. वाटलं, दादाला कुणीतरी सदोष माल गळ्यात मारला आहे, तोही सुटेल आणि मावशीही सुटतील. तुझ्या दादानेही मान डोलावली होती, हे मुद्दाम लिहिते. अध्यक्ष म्हणाले, बाई, तुम्हाला फार हौस. म्हटलं, आहे. मग ओळखीपाळखी काढून, चार ठिकाणी तोंड वाजवून, तपासणी करणाऱ्या एका मुलीला मीच बोलावून आणलं. सगळं माझंच कर्तृत्व.

मुलगी हुशार. तिला अंधार हवा होता, म्हणून मी माझी काळी खोली रिकामी करून दिली. गच्चीवरून तीन पॅनेल काढून एकेक आत आणलं, चौघांनी कडा धरून, तिने तशी ताकीदच दिली होती. पॅनेल उन्हात ठेवलं की वीज देतं. तिने उलटं केलं, पॅनेललाच वीज चारली. म्हणाली, आता हे अगदी मंद उजळतं, आपल्या डोळ्यांना न दिसणारं, पण या कॅमेऱ्याला दिसतं. पडद्यावर चौकोन उमटायला लागले, राखाडी, एकामागून एक. मुंगे, मला काय झालं म्हणून सांगू. इतक्या वर्षांनी त्याच खोलीत, त्याच अंधारात फिल्म वर येत होती. माझ्या तोंडून निघालं, हाडं उगवली.

ओरखडे त्या चित्रात जवळजवळ दिसतच नव्हते. मुलगी म्हणाली, ओरखड्यांनी काचेवरचा लेप जातो, थोडा उजेड वाया जातो, पण एवढ्याने पॅनेल निकामी होत नाही. खरं दुखणं खाली होतं. मधल्या चौकोनांमध्ये काळ्या रेघा, एका बिंदूतून फुटलेल्या चांदणीसारख्या, आणि रेघांमागे पूर्ण काळे पडलेले तुकडे. वरची काच शाबूत, आतला पापुद्रा तडकलेला. असा तडा सुरुवातीला काही त्रास देत नाही. रोजच्या उन्हाने आणि रात्रीच्या गारव्याने तो हळूहळू फाकत जातो आणि एक दिवस तेवढा तुकडा वेगळाच पडतो. आणि चौकोन एका ओळीत जोडलेले असतात. रांगेत उभे राहून बादल्या पुढे देणारी माणसं असावीत आणि मधल्या एकाचा हात मोडावा, तसं. मग धडधाकट माणसंही त्याच्याच चालीने बादल्या सरकवणार. मी त्या मुलीच्या पाठीवर थाप मारली. मोठ्याने म्हटलं, हेअरलाइन फ्रॅक्चर! सुटल्या आमच्या मावशी! ती हसली. माझ्या निवृत्तीनंतरचा सगळ्यात आनंदाचा क्षण होता तो, आणि किती टिकला तर दुसरं पॅनेल आत येईपर्यंत.

दुसऱ्यात चांदणी त्याच जागी. तिसऱ्यातही त्याच जागी, मध्यावरून जरा एका बाजूला. मुलगी टिपणं घेत होती. तुला मी कधीतरी सांगितलं असेल, एकाच हाडाला एकाच जागी मोड घेऊन तीन माणसं आली की आम्ही त्यांना विचारायचो, कुठल्या यंत्रावर काम करता? कारण तो अपघात नसतो, कामाची पद्धत असते. मुलीने विचारलं, पॅनेल गच्चीवर चढवताना कशी नेली होती कुणाला माहीत आहे का. मी म्हटलं, नाही. सिस्टरांची पहिली शिकवण अशी गेली.

आता तू शिलाई मशीनच्या वरचा फोटो डोळ्यांसमोर आण. दर वेळी आलीस की तू त्याच्याकडे पाठ करून बसतेस, पण तुला तो पाठ आहे. हॉस्पिटलचा मागचा जिना. सुट्टीचा दिवस होता, मी आणि कामाची माणसं सोडून तिथे कुणी नव्हतं. लिफ्टमध्ये पॅनेल मावत नव्हतं, जिन्याच्या वळणावर दोघांनी कडा धरून वळता येत नव्हतं, म्हणून त्यांनी टॉवेलाची चुंबळ केली आणि एकेक पॅनेल एकेकाने डोक्यावर घेतलं. तुझा दादाही. मालक असून सावलीत उभा राहिला नाही म्हणून माझा ऊर भरून आला होता. मी खालून ओरडले, अरे थांब, इकडे बघ. तो वळणावर थांबला, दोन्ही हात वर, मान खांद्यात गेलेली, सगळे दात दिसतायत. पहिल्या फोटोत माझं बोट आलं म्हणून त्याला आणखी थांबवलं. तपासणी झाली त्या दिवशी घरी येऊन मी फोटो भिंतीवरून काढला आणि खिडकीपाशी नेऊन चष्म्यावर भिंग धरून बघितला. पॅनेलची दोन्ही टोकं खाली लवली आहेत, वाळत घातलेल्या चादरीसारखी. मध्ये त्याचं डोकं. तीन वर्षं मी तो फोटो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते आहे. दूधवाल्यालासुद्धा दाखवला आहे.

मुलीच्या अहवालात लिहिलं आहे की आतले तडे वजनाने किंवा दाबाने गेले आहेत; वाहतुकीत, बसवताना किंवा साफसफाई करताना, नक्की सांगता येत नाही. तिने पाहिलं तेवढंच लिहिलं, तिची चूक नाही. पण तुझ्या दादाने कमिटीत सांगितलं की बाई पॅनेलवर गुडघे टेकून घासायची. घासणीची सुटली ती गुडघ्यांवर अडकली. मी मावशींना विचारलं, टेकले होते का गुडघे? त्या बराच वेळ आठवत बसल्या आणि म्हणाल्या, असतील बाई, मग त्यानेच झालं असेल. त्या काहीही कबूल करतील, मुंगे. त्यांना शिक्षा हवी आहे. तुझ्या दादाला हे दिसलं आहे, आणि दिसूनही तो बोलला.

काल तो घरी आला. बाहेर बूट काढून, नीट पाय पुसून आत आला, तेव्हाच समजले की काहीतरी मागायला आलाय. चहा केला. भिंतीवर मी परत टांगलेल्या फोटोकडे बघत म्हणाला, आई, तो काढून ठेव. का रे? काही नाही, जुना झालाय. मी कप त्याच्यापुढे सरकवला. माझं न बोलणं त्याला कधी सोसत नाही. मग एकेक बाहेर आलं. सगळेच असंच नेतात, आई. क्रेन आणायची तर त्या गल्लीत वळली नसती. मला काय माहीत, काच तर शाबूत होती. मावशींना मी माझ्या ऑफिसात लावून घेतो, इथल्यापेक्षा बरं काम देतो, त्यांचं वाईट होऊ देणार नाही. मी म्हटलं, त्यांना काम नकोय, त्यांना ते बाळ आपल्या हातून गेलं नाही एवढं कुणीतरी सांगायला हवं आहे. तेव्हा तो कपाकडे बघत राहिला आणि अगदी हळू, तिसरी-चौथीत असताना बोलायचा तशा आवाजात म्हणाला, मग ते मी घेऊ का आई? माझ्या अंगावर?

मी, जिच्या जिभेला हाड नाही असं तुम्ही दोघं म्हणता, ती गप्प बसले. त्याने कप धुतला, मी शिकवला तसा पालथा घातला आणि गेला. जिना उतरताना कठडा धरला होता त्याने. अजून चाळिशीही आली नाही त्याची.

कमिटीची बैठक उद्या सकाळी आहे. फोटो माझ्या पिशवीत आहे, दोन वर्तमानपत्रांत गुंडाळून, काच फुटू नये म्हणून. मूर्खपणा बघ. मी तो टेबलावर ठेवणार आणि तपासणीच्या मुलीला सांगणार की त्या दिवशी मी नाही म्हणाले ते खोटं होतं. मग मावशींकडे जाणार. त्यांना बरं वाटेल असं समजू नकोस. मला वाटत नाही. बाळाला छातीशी धरलेले हात त्यांचेच आहेत, ते कुठल्या अहवालाने बदलत नाहीत. नवजात बाळांची खोली त्यानंतर बंद झाली ती बंदच राहील. ती पोरगी आपल्या माहेरी गेली म्हणतात. यातून कुणाचं भलं होणार आहे असं मला कुठूनही दिसत नाही, आणि तरी उद्या मी पिशवी घेऊन जाणार, कारण नाही गेले तर त्या बाई मरेपर्यंत हाताने भांडी धुतील आणि मी इथे शिवण शिवत बसेन.

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा ते होऊन गेलेलं असेल. फोन म्हणूनच केला नाही. तू मला अडवलं असतंस, किंवा नसतंस अडवलं, आणि दोन्ही मला सोसलं नसतं. बाबांच्या आजारपणात तो तुला "पाहुणी" म्हणाला तेव्हापासून तू त्याच्याशी बोलत नाहीस. तुझं बरोबर होतं. आजही बरोबर आहे. तरीही मागते आहे. उद्यापासून तो माझा फोन उचलणार नाही, आणि मी उचल म्हणू शकणार नाही, कारण जे त्याच्यावर पडलं ते मीच नेऊन ठेवलेलं असेल. म्हणून त्याला तू फोन कर. पहिल्यांदा कापेल, पुन्हा कर. कोण खरं, कोण खोटं यातलं काही काढू नकोस. बाळाचं तर नावही काढू नकोस, ते तो स्वतःच काढेल, तेव्हा फक्त ऐक. जेवलास का, एवढं विचार. तो म्हणेल, मी ठीक आहे, काही झालेलं नाही. ऐकू नकोस. तो दाराबाहेर पाठ लावून उभा आहे आणि पहारा देतो म्हणतोय, एवढं लक्षात ठेव. या खेपेला हसू नकोस. त्याला आत घे.

तुझीच, आणि तो काहीही म्हणाला तरी त्याचीही,
आई